कॉलेजातल्या मुलांनी चालवलेला जुन्या वस्तूंचा बाजार : ॲप बांधताना काय कळलं (नाशिक)

पाथर्डीफाटा (धागाकर्ता)

नमस्कार. नाशकातल्या आमच्या अभियांत्रिकी कॉलेजात आम्ही काही जणांनी मिळून एक ॲप बांधलं. पुस्तकं, ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या आकृत्या काढायचं साधन), कॅल्क्युलेटर, ॲप्रन, सायकल, कॉट, टेबल असं सामान सीनियरकडून ज्युनियरकडे जावं, एवढाच हेतू. आता ते पुढची बॅच चालवते. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या कॉलेजांतली काही मुलंही असं काही करायच्या विचारात आहेत आणि कोड मागतात. कोड देऊच. पण त्याआधी वर्षाचं कॅलेंडर समोर घेऊन बसा, असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण आमचं सगळं डिझाइन त्यावरच बेतलेलं आहे.

शेवटच्या वर्षाची परीक्षा मे-जूनमध्ये संपते. मुलं खोल्या सोडतात. कोणी धुळ्या-जळगावला घरी जातं, कोणी पुण्याला नोकरीवर. त्यांच्याकडे विकण्यासारखं भरपूर असतं आणि घाईही असते. पहिल्या वर्षाची मुलं मात्र सीईटी, मग कॅपच्या (केंद्रीय प्रवेशाच्या) फेऱ्या असं करत ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. म्हणजे विकणारा शहरात असतो तेव्हा घेणारा नसतो, आणि घेणारा आला की विकणारा गेलेला असतो. ड्राफ्टर खोलीमालकाच्या माळ्यावर पडतो, पुस्तकं रद्दीत जातात, आणि दोन महिन्यांनी तोच ड्राफ्टर नवा मुलगा दुकानातून पूर्ण किमतीला घेतो. ही फट कुठल्याही स्क्रीनने बुजत नाही. आमच्याकडे ती ग्रंथालयाने दिलेल्या एका लोखंडी कपाटाने बुजवली.

पद्धत अशी. खोली सोडणारा वस्तू आणून देतो. स्वयंसेवक तिथेच, एकाच टेबलावर, एकाच उजेडात फोटो काढतो, क्रमांकाचं लेबल लावतो, आणि ॲपमध्ये त्या वस्तूपुढे 'कपाटात आहे' अशी खूण येते. नवा मुलगा येतो, वस्तू हाताळून बघतो, पैसे यूपीआयने थेट सीनियरच्या खात्यात टाकतो. सीनियर आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम बघून 'मिळाले' दाबतो आणि वस्तू हातात मिळते. पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट आम्ही पुरावा मानत नाही. तो बनवता येतो.

कॉट-टेबल कपाटात मावत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरा विचार केला. असं सामान बहुतेक वेळा त्याच खोलीत पुढे येणाऱ्या मुलालाच हवं असतं, मग चौथ्या मजल्यावरून उतरवायचं कशाला? म्हणून 'खोलीसकट' अशी वेगळी नोंद ठेवली, आणि तिच्यात खोलीमालकाशी बोलणं झालं आहे का, हा प्रश्न सक्तीचा केला.

पुस्तकांच्या बाबतीत नाव आणि लेखक एवढ्याने भागत नाही. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीचा २०१५ चा पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रम, मग २०१९ चा, आता २०२४ चा. विषयाचं नाव तेच राहिलं तरी युनिट बदलतात. त्यामुळे पॅटर्न आणि सेमिस्टर भरल्याशिवाय पुस्तक चढवताच येत नाही. ही एक रकाना वाढवणारी सक्ती विकणाऱ्याला जाचक वाटते, पण घेणारा सहसा पहिल्या सेमचा, नवखा असतो. त्याला चुकीचं पुस्तक गळ्यात पडू नये हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

शोध. मुलं पुस्तकाचं नाव टाइप करत नाहीत. 'एम थ्री' टाकतात, 'मॅथ्स ३' टाकतात, कोणी मराठीत, कोणी रोमनमध्ये, स्पेलिंग हवं तसं. आम्ही हाताने एक समानार्थी यादी बनवली आणि जो शोध रिकामा परत येतो तो शब्द साठवून ठेवला. आठवड्यातून एकदा कुणीतरी ती रिकाम्या शोधांची यादी वाचतं. लोकांना काय हवं आहे हे आम्हाला तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसलं. ज्यांना असं ॲप करायचं आहे त्यांनी बाकी काही नाही तरी ही यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी.

आणखी एक. विकून झालेली वस्तू यादीत पडून राहणं ही अशा ॲपची खरी कीड आहे. तीनदा 'ते तर गेलं' असं उत्तर मिळालं की चौथ्या वेळी मुलं ॲप उघडत नाहीत. म्हणून कपाटाबाहेरची, म्हणजे विकणाऱ्याकडेच असलेल्या वस्तूची, प्रत्येक नोंद १५ दिवसांनी आपोआप उतरते. चालू ठेवायची तर एक बटण दाबायचं.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो.

सातपूरकर

छान लिहिलंय. पण एक शंका. प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. 'ड्राफ्टर आहे, ३०० रुपये' एवढं टाकलं की काम होतं. ॲप डाउनलोड करायला लावायचं कशाला?

पाथर्डीफाटा

सातपूरकर, ग्रुपवर विकलं जातं, हे खरंच आहे, आणि ज्याचं तिथे भागतं त्याने तिथेच विकावं. अडचण अशी की ग्रुप वर्गाचे असतात. तिसऱ्या वर्षाच्या ग्रुपवर तिसऱ्या वर्षाची पुस्तकं विकायला काढली तर ती घेणारं तिथे कुणीच नसतं. घेणारे दुसऱ्या वर्षाच्या ग्रुपवर. वस्तू नेहमी एका वर्षातून खालच्या वर्षाकडे जाते आणि ग्रुप आडवे असतात. शिवाय संध्याकाळी टाकलेला मेसेज सकाळपर्यंत वर वाहून जातो. आमच्याकडच्या नोंदीची लिंक ग्रुपवर टाकता येते आणि ती ॲप न घेताही ब्राउझरमध्ये उघडते. बहुतेक मुलं आजही तशीच येतात.

निफाडकर

माझं गाव निफाड तालुक्यात, घरचा कांदा लासलगाव-पिंपळगावला जातो. तुमचं कपाट वाचून बाजार समिती आठवली. लिलावात व्यापारी ट्रॉलीतला माल बघतो, बोली लागते, भाव ठरतो. मग ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो आणि तिथे माल ओतताना 'खाली बारीक निघाला' म्हणून भाव तोडायचा प्रयत्न होतो. शेतकरी तोवर अडकलेला असतो, परत भरून कुठे नेणार? तुमच्याकडे कपाट असलं तरी सायकल किंवा कॅल्क्युलेटर थेट विकताना हेच होत असेल. ॲपवर ४०० ठरतात, आणि भेटल्यावर 'अरे इथे ओरखडा आहे, ३०० घे'.

पाथर्डीफाटा

निफाडकर, अगदी नेमकं बोललात. हे होतंच, आणि यात दर वेळी घेणाराच लबाड असतो असं नाही. फोटोत ओरखडा खरंच दिसत नाही. आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, वस्तूच्या प्रकारानुसार दोषांची छोटी यादी. सायकल असेल तर ब्रेक, चेन, टायर, सीट. कॅल्क्युलेटर असेल तर डिस्प्ले, बटणं, झाकण, सौर पट्टी. विकणाऱ्याने प्रत्येकापुढे 'ठीक' किंवा 'दोष' निवडायचं. जो दोष यादीत आधीच सांगितला आहे त्यावरून भेटल्यावर किंमत उतरवता येत नाही, असा लेखी नियम. जो सांगितलेला नाही तो निघाला तर घेणारा सरळ निघून जाऊ शकतो आणि त्याच्या नावावर काही लागत नाही.

दोन, भाव ॲपवरच करायचा. घेणारा एक आकडा कळवतो, विकणारा हो किंवा नाही म्हणतो. ठरलेला आकडा दोघांच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत राहतो. तो आकडा समोर असला की बोलणं लवकर आटपतं.

गंगाप्रसाद_सर

मी अर्थशास्त्र शिकवतो. वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात विकणाऱ्याला दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सावधपणे सरासरी किंमत देतो. चांगली वस्तू असलेल्याला ती परवडत नाही, तो बाजार सोडतो, मग उरलेल्यांची सरासरी आणखी घसरते. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने हे मांडलं आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तुमची दोषांची यादी आणि स्वयंसेवकाने काढलेला फोटो ही त्यावरचीच औषधं आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना हा धागा वाचायला देणार आहे.

रानजाई

मी मुलगी म्हणून विचारते. अशा ॲपवर वस्तू टाकली की नंबर जातो, आणि मग वस्तू विकून झाली तरी रात्री अकराला 'हाय' येतं. माझ्या मैत्रिणींनी याच कारणाने एका मोठ्या साइटवर विकणं सोडलं. तुम्ही यावर काय केलं?

पाथर्डीफाटा

रानजाई, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि हा भाग आमच्या गटातल्या मुलींनीच ठरवला. मोकळं चॅट ठेवलंच नाही. ठरावीक वाक्यंच पाठवता येतात: 'अजून आहे का', 'बघायला येऊ का', 'हा आकडा चालेल का', 'येऊ शकत नाही'. भेटायच्या जागाही ठरलेल्या: ग्रंथालयाचा काउंटर, कँटीन, मुख्य गेटवरची सुरक्षा चौकी. वेळ कॉलेजच्या तासांतलीच निवडता येते. नंबर कुणालाच दिसत नाही. नावातलं फक्त पहिलं नाव, वर्ष आणि शाखा दिसते, आणि वस्तू कपाटात असेल तर तेही नाही. यूपीआयवर पैसे पाठवताना मात्र समोरच्याला पूर्ण नाव दिसतं, आणि आयडी नंबरावरून केलेला असेल तर नंबरही. म्हणून नंबर नसलेला वेगळा यूपीआय आयडी बनवून तोच द्यायचा, हे आम्ही नोंद चढवतानाच सांगतो.

काही मुलांना ही बंधनं जड वाटली, चॅट द्या म्हणून मागणी आली. आम्ही दिलं नाही. विकणाऱ्यांत मुलींची संख्या टिकली पाहिजे यापुढे ती सोय मला लहान वाटते.

रानजाई

हे वाचून बरं वाटलं. एक सुचवते. भेटायला मैत्रिणीला सोबत आणणं हे गृहीत धरा. वेळ ठरवताना 'आम्ही दोघी येऊ' असा पर्याय दिला तर समोरच्यालाही आधीच कळेल.

पाथर्डीफाटा

हे नव्या टीमला आजच कळवतो.

खातेवही

मी सीए आहे. पैसे तुमच्याकडे थांबत नाहीत हे वाचून समाधान वाटलं. दर वर्षी कोणीतरी उत्साही मुलं विचारायला येतात, 'सर, घेणाऱ्याचे पैसे आम्ही धरून ठेवू, वस्तू मिळाली की सोडू.' कल्पना चांगली आहे, पण दुसऱ्याचे पैसे गोळा करून तिसऱ्याला देणं हा रिझर्व्ह बँकेच्या लेखी पेमेंट ॲग्रिगेटरचा व्यवसाय. तिच्या नियमांप्रमाणे अर्ज करतानाच नक्त मूल्य १५ कोटी लागतं आणि तिसऱ्या आर्थिक वर्षाअखेर २५ कोटी. विद्यार्थ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. कमिशनही घेऊ नका. घेतलंत की कराची आणि ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियमांची जबाबदारी वेगळ्या वजनाने येते.

दुसरं, वय. अभियांत्रिकीत पहिल्या वर्षाची काही मुलं सतरा वर्षांची असतात, आणि कॉलेज रोडच्या कॉलेजांत अकरावी-बारावीचे वर्ग त्याच आवारात भरतात. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ खालच्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. ज्यांना दुसऱ्या कॉलेजात हे न्यायचं आहे त्यांनी हे आधी सोडवावं.

पाथर्डीफाटा

खातेवही, मनापासून धन्यवाद. आमच्याकडे १८ खालच्यांना खातंच उघडता येत नाही. ते यादी बघू शकतात आणि पालकांसोबत कपाटापाशी येऊन वस्तू घेऊ शकतात. ओळख पटवायला आम्ही ओळखपत्राचा फोटोही साठवत नाही. स्वयंसेवक ग्रंथालयात कार्ड डोळ्यांनी बघतो आणि खातं चालू करतो. कॉलेजचा ईमेल प्रत्येकाला मिळत असेल तर ते आणखी सोपं. फोनवर ओटीपी पाठवायचा म्हटलं तर एसएमएसचा खर्च आणि डीएलटी नोंदणी (असे एसएमएस पाठवणाऱ्यांना करावी लागणारी) दोन्ही मागे लागतात.

पैशांबद्दल एक वाक्य आम्ही पैसे देण्याच्या स्क्रीनवर कायम ठेवलं आहे: 'पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही.' व्यक्तीकडून व्यक्तीला पैसे मागण्याची रिक्वेस्ट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, तरी 'हा क्यूआर स्कॅन कर, पैसे येतील' म्हणणारे आहेतच.

सेमीकोलन

तांत्रिक बाजू लिहा ना. ॲप बांधायला फ्लटर आणि माहिती साठवायला फायरबेस, हे का निवडलं? फुकटच्या मर्यादेत बसतं का?

पाथर्डीफाटा

सेमीकोलन, फ्लटर यासाठी की गटात तेच येत होतं. पाठीमागे फायरस्टोअर, म्हणजे फायरबेसचा डेटाबेस. फुकट मर्यादेत रोज ५०,००० वाचनं मिळतात (एक नोंद वाचली की एक वाचन). ऐकायला खूप वाटतं, पण गणित करा: मुख्य पानावर ४० वस्तू दाखवल्या तर एकदा उघडण्याची ४० वाचनं, म्हणजे १,२५० वेळा उघडलं की दिवस संपला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे सहज होतं. आणि ही मर्यादा पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री नव्याने सुरू होते, म्हणजे त्या दिवसांत आपल्याकडे दुपारी साडेबाराला. सकाळी मर्यादा संपली तर मधल्या सुट्टीपर्यंत ॲप कोरं. उपाय असा की मुख्य पानाची यादी एकाच दस्तऐवजात बांधून ठेवायची आणि काही बदललं तरच ती पुन्हा बांधायची. ४० ऐवजी एक वाचन. फोटो फोनवरच लहान करून मग चढवायचे. चार-पाच एमबीचा फोटो दीडशे केबीत पुरेसा स्पष्ट दिसतो.

सुरक्षेचे नियम पहिली स्क्रीन काढायच्या आधी लिहा. फायरस्टोअरचा टेस्ट मोड ३० दिवस कुणालाही वाचू-लिहू देतो, आणि सगळं चालत असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

प्ले स्टोअरचं खातं एकदाच २५ डॉलर. नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. हे वेळापत्रकात धरा, नाहीतर सप्टेंबर निघून जाईल.

आयुर्वेदाची_वाट

मी बीएएमएसला आहे. आमच्याकडे जुन्या पुस्तकांइतकीच बोनसेटची (शिकण्यासाठीच्या हाडांच्या संचाची) देवाणघेवाण चालते. ते ठेवता येईल का?

पाथर्डीफाटा

खऱ्या हाडांचा संच आम्ही ठेवणार नाही. तो कुठून आला हे तपासायची आमची कुवत नाही आणि ते एका माणसाचे अवशेष आहेत. फायबरचा असेल तर आनंदाने.

नकाराच्या यादीत आणखी काही आहे. लिहून भरलेल्या जर्नल, 'असाइनमेंट लिहून मिळेल', तयार प्रोजेक्ट. रिकाम्या शोधांच्या यादीत 'रेडीमेड प्रोजेक्ट' सतत वर असतो. मागणी एवढी असताना नाही म्हणणं सोपं नव्हतं, गटातही वाद झाला. पण कॉलेजच्या आवारात कॉलेजच्या कपाटाच्या भरवशावर चालणाऱ्या व्यवस्थेने कॉपी विकायची नाही, यावर मी ठाम होतो आणि आहे.

गंगाप्रसाद_सर

पुढच्या बॅचकडे कसं सोपवलंत? माझ्या पाहण्यात मुलांचे असे चांगले उपक्रम बॅच बाहेर पडली की बंद होतात. पासवर्ड कुणाच्या तरी खासगी जीमेलवर असतो आणि तो मुलगा बंगळुरूला.

पाथर्डीफाटा

सर, याचा विचार आम्ही पहिल्या महिन्यात केला. प्ले स्टोअर, फायरबेस, डोमेन, सगळं एका सामाईक ईमेलवर आहे आणि त्याची चावी विभागातल्या एका सरांकडे बंद पाकिटात. ते कामात लक्ष घालत नाहीत, फक्त चावी सांभाळतात.

हस्तांतर शेवटच्या वर्षाच्या शेवटी करायचं नाही. तेव्हा प्लेसमेंट आणि प्रोजेक्ट यात कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. आम्ही तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेतो. मे-जूनची जमा त्यांनी आमच्यासोबत करायची, सप्टेंबरची विक्री त्यांनी चालवायची आणि आम्ही बाजूला बसायचं. एक पूर्ण फेरा दोन्ही बॅच एकत्र असतात. कोडपेक्षा कपाटाची वही सांभाळणारा माणूस शोधणं अवघड असतं, म्हणून निवड करताना आधी तो बघतो. कोड येणारी मुलं दरवर्षी मिळतात.

निफाडकर

बरोबर. बाजार समितीतही काटा नीट चालवणारा माणूसच महत्त्वाचा.

सातपूरकर

माझी शंका मागे घेतो. आता वेगळा प्रश्न. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, आणि तुमचा विक्रीचा हंगामही नेमका तोच. पंचवटी, द्वारका, सीबीएस इकडचे रस्ते त्या दिवसांत बंद-चालू होत राहणार. नाशिक रोडहून येणाऱ्या मुलांनी काय करायचं?

पाथर्डीफाटा

यावर नवी टीम आत्ताच बोलते आहे. दोन सूचना पुढे आल्या आहेत. पहिली, प्रवेश निश्चित झाल्याबरोबर ॲपवरून वस्तू राखून ठेवता यावी आणि ती स्नानाच्या तारखा टाळून कधीही न्यावी. राखायची मुदत त्या वर्षापुरती वाढवायची. दुसरी, नाशिक रोड भागात राहणारे एक-दोन स्वयंसेवक ठरवायचे. राखलेल्या वस्तू ते एकदम नेतील आणि बिटको चौकाच्या बाजूला, दिवसाउजेडी, ठरल्या वेळी देतील. दुसरीत वस्तू कॉलेजच्या आवाराबाहेर जाते, त्यामुळे रानजाईंनी मांडलेला प्रश्न पुन्हा उभा राहतो. तिथे स्वयंसेवक जोडीनेच असावेत आणि त्यात एक मुलगी असावी असं माझं मत कळवलं आहे. नाशिक रोड, जेल रोड, देवळाली भागातलं कोणी हे वाचत असेल आणि तिथे एखादं वाचनालय दुपारपुरता एक टेबल देऊ शकत असेल तर इथेच लिहा, टीमशी गाठ घालून देतो.

रानजाई

मी जेल रोडला राहते. आमच्या कॉलनीतल्या वाचनालयाच्या ताईंना विचारून रविवारी कळवते.